बिनपॅटर्नचं काम

दादासोचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. दोन भाकऱ्या फडक्यात, आणि सायकल शिरोलीच्या रस्त्याला. सातला फौंड्रीत ग्राइंडर हातात. शिफ्टला एकशे चाळीस ब्रेकड्रम घासायचे. सव्वीस वर्षांत एकशे एकोणचाळीसवर त्यानं कधी हात धुतले नाहीत. एक कान त्यातच गेला. दुसरा पक्का होता. चालत्या मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि बेरिंग किती दिवस काढेल ते सांगायचं. मेंटेनन्सवाले आधी हसायचे, मग गुपचूप नवं बेरिंग मागवायचे.

२००४ साली त्याची मुलगी अक्षता बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. चार महिने डबल शिफ्ट करून त्यानं तिला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. प्रोजेक्ट त्यावरच करायचा होता. तो वेळेत गेला नाही तर वर्ष वाया.

पण कॉम्प्युटरच्या डब्यावरचा लाल दिवा विझतच नव्हता. अक्षता हात मांडीवर घेऊन बसली तरी आत करकर चालूच. दादासोला ते सोसेना. काम नसताना राबणारं मशीन आजारी असतं, एवढं त्याला कळत होतं.

राजारामपुरीतला अनेकांत नावाचा दुरुस्तीवाला आला. डबा उघडून, बटणं दाबून म्हणाला, "मामा, मेमरी कमी हाय. त्यात मावत न्हाय ते सारखं हार्डडिस्कवर लिहायचं, परत वाचायचं. दिवा विझंल कसा? वर सुरू होतानाच नको ते धा प्रोग्रॅम चालू हुत्यात."

त्यानं नको ते प्रोग्रॅम बंद केले, मेमरीची जुनी पट्टी बसवली. दिवा विझला. अक्षता हसली.

दादासोनं पिशवीतनं स्क्रूड्रायव्हर काढला, हार्डडिस्कला टेकवून कान लावला.

"काय मामा, डॉक्टर झालासा व्हय?"

"बेरिंग वाजतंय, पावणं."

"ह्यो तुमचा ग्राइंडर न्हाय. दिवा विझला का न्हाय?"

दिवा विझला होता खरा. दादासो मुलीकडं वळला. "ह्याचा पॅटर्न कुठं ठेवलाईस?"

"कसला पॅटर्न, आबा?"

फौंड्रीत कास्टिंग फुटलं तर कुणी रडत नाही. लाकडी पॅटर्न वेगळ्या खोलीत जपलेला असतो. त्यावरनं परत साचा, परत ओतकाम.

"हे मोडलं तर दुसरं कशावरनं करशील?"

"सगळं ह्यातच हाय की."

"सोमवारी डबा दुकानात आणा," अनेकांत म्हणाला, "सीडीवर कॉपी काढून देतो. पळून जातंय व्हय?"

कारखान्यात शंका आली की दादासो ड्रमवर लाल खडूची फुली मारायचा. ती पुसायची सुपरवायझरचीही छाती नव्हती. इथं शिकलेली दोन माणसं समोर होती. त्यानं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. डबा त्याच दिवशी सायकलला बांधून न्यायला तासभर लागला असता. तेवढे कष्ट त्यानं चुकवले.

शनिवारी दुपारी लोडशेडिंग झालं. लाईट आल्यावर अक्षतानं बटण दाबलं. आतनं फक्त टक, टक. पुन्हा दाबलं. टक, टक. तिनं स्वतः पिशवीतनं स्क्रूड्रायव्हर काढून बापाच्या हातात दिला.

"आबा, बघा की."

त्यानं बराच वेळ कान लावला. "जाम झालंय."

ती रडली नाही. कपाट उघडून कॉलेजचं ओळखपत्र आत ठेवलं आणि पाणी भरायला गेली.

अनेकांतनं मान खाली घालून डिस्क आतलं काम परत मिळतंय का बघायला पुण्याला पाठवली. ती तशीच परत आली. तोवर प्रोजेक्टची तारीख उलटली होती.

दादासोनं पुन्हा डबल शिफ्ट धरली. आता जिना चढताना तो मध्येच थांबायचा. त्या पगारातनं अक्षताची तीच फी दुसऱ्यांदा भरली, आणि उरलेल्यातनं नवी हार्डडिस्क आली. अनेकांतनं ती बसवली आणि बाजूला झाला. दादासोनं स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला.

बेरिंग चांगलं होतं. आत एक अक्षर नव्हतं.