चाखलेली गोळी

मलेरियानं मी दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर लासूरकडची एक मेंढपाळ बाई तापलेल्या लेकीला धरून बसली होती. पोरगी क्विनीनची गोळी सारखी थुंकत होती.

"मावशी, झाडाच्या सालीचंच औषध आहे. आज पोटात गेलंच पाहिजे," नर्स म्हणाली.

"सालीचं व्हय? आणा इकडं. मेंढराला बी चाखल्याबिगर देत नाय आम्ही."

तिनं गोळी जिभेवर फिरवली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"लई कडू नाय गं. गीळ."

आईच्या तोंडाकडे बघत पोरीनं गोळी गिळली. मग बाई माझ्याकडे वळली आणि पदरानं जीभ खसाखसा पुसू लागली. मी मोसंबीची फोड पुढे केली.

"ऱ्हाऊ दे बाई," ती हळूच म्हणाली, "तुला बी तीच गोळी हाय ना?"