गाठवाली

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, कुठल्याही गोंधळात, अगदी मयताच्या घरीसुद्धा, डोळे पुसून झाले की विचारायची, "आता पुढची गाठ कुठली?"

हे खूळ माझंच. मी चौथी शिकलेला, चाळीस वर्षं भिवंडीत कापडाची लूम चालवली. एकदा बोलून गेलो, अख्ख्या ताग्याचा विचार करू नये, सुताची तुटलेली तार शोधावी, गाठ मारावी, लूम चालू. जन्मात एक शहाणपणाचं बोललो, ते हिने माझ्यावरच वापरलं.

पोरीने आमच्या दोघांच्या मोबाईलमध्ये कामांच्या यादीचं एकच ॲप टाकून दिलं. मोठं काम तो तागा, आत्ता हाताने करायचं ती गाठ. मी 'घर रंगवणे' अशी गाठ लिहिली, तर तिने पुसून 'शिडी मागणे' लिहिलं. म्हणाली, "उडत रंगवणार का तुमी?"

काम झालं की खूण करायची. टिंग वाजायचं आणि चुलीपाशून आवाज यायचा, "शाबास, लूमवाले." त्या शाबासकीपायी मी न केलेल्या कामांवरही खुणा करायचो. 'दाढी करणे' वर केली, तर बेसनाचा हात माझ्या हनुवटीवर फिरवून तिने ती खूण काढली.

सगळ्यात जुना तागा 'दिघाशीचे भावजी'. म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या पोराच्या हळदीला त्याने माझ्या ताटात मटणाची नुसती हाडं वाढली, म्हणून सहा वर्षं मी बोलत नव्हतो. गाठ होती, 'फोन लावणे'. मी न लावताच खूण केली. "शाबास," म्हणाली. पुढे काही विचारलं नाही.

थंडीत ती तीन दिवसांच्या तापाने गेली. भावाने खांदा दिला, तरी आम्ही बोललो नाही.

महिन्याने यादी उघडली. माझी खोटी खूण काढलेली. खाली नवी गाठ, 'फोन यांना जमायचा न्हाय. नुसतं त्यांच्या दारात उभं राहणे.'

रविवारी जाऊन उभा राहिलो. भावाने दार उघडलं.

"बोलू नको दादा," तो म्हणाला. "वहिनीने सांगून ठेवलंय, हे आले की काय इचारू नका, ताट वाढा."

"काय हाय ताटात?"

"मटण. हाड एक पन न्हाय."

जेवताना दोघं इतके हसलो की ठसका लागला. घरी येऊन खूण केली. टिंग वाजलं. शाबास कोणी म्हणेना, म्हणून मीच मोठ्याने म्हटलं. मग लिहिलं, 'भावाला जेवायला बोलावणे.' पुसलं. लिहिलं, 'मटण शिजवायला शिकणे.'