राजाला उडी नाही

माउस बिघडलाय, असंच मला वाटलं. पडद्यावरच्या पटावर राजाला उचलून मी अडीच घरांवर ठेवायचे आणि तो निमूट मागे जाऊन बसायचा. मी माउस उलटा केला, आतली गोळी काढली, ओढणीनं लख्ख पुसली, परत बसवली. तोवर माझी वेळ संपली आणि समोरचा कुठल्याशा देशातला गडी फुकटात जिंकला.

आमच्या खुटबावात राजाला एक उडी असते. शह बसलेला नसेल तर डावात एकदा तो घोड्यासारखा अडीच घरं जातो. हे मला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलेलं. आप्पा पंचक्रोशीत कधी न हरलेले, आणि त्यांच्या खालोखाल मी, अशी माझी ऐट. दौंडच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले तेव्हा त्याच ऐटीत दुपारच्या रिकाम्या तासाला इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायला बसले. ओळीनं अकरा डाव हरले. एकाचा राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलले तेव्हा तर मी "चोर!" म्हणून एवढ्यानं ओरडले की टायपिंगची पोरं वळून बघायला लागली.

मग तिथले नियम वाचले, राजा-हत्तीचं ते एकदम हलणं नियमातलंच निघालं, आणि रागानं लाल होऊन घरी आले. आप्पा निशिगंधाच्या जुड्या बांधत होते.

"आप्पा, तुमी मला खोटं बुद्धिबळ शिकीवलं. जगात कुठंबी राजाला उडी न्हाई."

त्यांनी जुडीची गाठ मारली. "व्हय का? मग जगात जिंकून दाव. तवर माझ्यासंगं पट मांडू नगंस."

"पंधराशे करून दावते," मी म्हणाले. पंधराशे म्हणजे तिथले गुण. जिंकलं की वाढायचे, हरलं की घटायचे. माझे तेव्हा नऊशे चाळीस होते! उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण आप्पांनी आकडा पक्का धरला. रोज संध्याकाळी आमचा एक डाव व्हायचा, तो त्या दिवशी बंद झाला. ते ओट्यावर एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि मी आत भाकऱ्या थापत मोहऱ्यांचा आवाज ऐकायचे. फार झोंबायचं मला.

मग मी हट्टालाच पेटले. हरलेला प्रत्येक डाव वहीत उतरवायचा, सकाळच्या पॅसेंजरमध्ये चुंबकाच्या छोट्या पटावर तो परत मांडायचा, आणि आपण नेमकी कुठं माती खाल्ली तिथं लाल शाईनं खूण करायची. पहिली वही लालेलाल झाली. पण काय मजा यायची! फुलं खुडताना कालच्या डावातली खेळी अचानक सुचायची आणि मी वाफ्यातच "घोडा! घोडा मारायचा हुता!" म्हणून ओरडायचे. आई म्हणायची, "हिला दाखवून आना रं कुठंतरी."

सात महिन्यांनी चौदाशे ब्याण्णववर पोचले. आता एक डाव जिंकला की झालं. अडचण अशी की क्लासाचा फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. कुणी फोन उचलला की डाव तुटायचा आणि हार माझ्या नावावर लागायची. म्हणून मी फोनच मांडीवर घेऊन बसले. समोर कॅनडातला कुणीतरी होता, चांगलाच तयारीचा. त्यानं मला तासभर घाम फोडला. मग त्याच्या वजिराला हाव सुटली, एका प्याद्यासाठी तो पार कडेला गेला आणि मला दिसलं! हत्तीचा शह, राजा कोपऱ्यात, आणि घोड्यानं मात. मात! पंधराशे एक! पडद्यावर त्याच्या दोन शब्दांची ओळ उमटली, ती वाचली आणि फोनसकट उठून नाचले. तार निघाली. निघू दे!

स्टेशनपासून घरापर्यंत पळतच आले. आप्पांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. काही न विचारता त्यांनी पट काढला. मोहरे मांडता मांडता म्हणाले, "समोरचा लई चिडला आसंल."

"न्हाई. त्यानं लिवलं, 'वेल प्लेड'. म्हंजी, चांगलं खेळलीस."

"हरल्यावर?"

"व्हय, हरल्यावरच."

आप्पांच्या हातात वजीर तसाच राहिला. "मला आजवर कुनी न्हाई म्हनलं तसं."

लहानपणापासून मी त्यांच्याकडून शेकडो डाव हरले होते. मीही नव्हतं म्हटलं.