इंदूताईंचा प्रश्न

इंदूताईंनी घंटा कधी वापरली नाही. सकाळी अंगणवाडीच्या पायरीवर उभं राहून त्या एकेका पोराला नावानं हाक मारायच्या, आणि वाडीच्या पार टोकाला नारळाखाली खेळणारं पोरही धावत यायचं. शेजारच्या शाळेत मी नवा मास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी पायरीवरून विचारलं, "गुरुजी, डबा आणलात का? न्हायतर आमच्याकडं खिचडी हाय." मास्तरांकडे डबा नाही, हे अख्ख्या आळीला कळलं.

हाच आवाज ग्रामसभेत कामाला यायचा. वादळात अंगणवाडीचं छप्पर उडालं, त्यावर ताडपत्री आली आणि ताडपत्रीच राहिली. मधल्या काळात पंचायतीनं समुद्रावर सेल्फी पॉइंट मात्र बांधला. इंदूताई दर सभेत उभ्या राहायच्या. "पोरांच्या डोक्यावर छप्पर कधी घालताय? तारीख सांगा." सरपंच घाम पुसत बसायचे.

मग तो आवाज बसला. पोरांवर ओरडून बसला असेल, असं सगळे म्हणाले, मीसुद्धा. त्यात महिने गेले. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, पण वेळेत सापडला. तोंडातूनच लेझरनं गाठ काढली. आठवड्याभरात इंदूताई घरी आल्या. गळ्यावर ओरखडा नाही, जेवणखाण नीट. गावानं निकाल लावून टाकला, बाई सुटली, नशीबवान आहे. वर "मिशेरी लावायचात का हो?" हेही तोंडावर विचारून घेतलं. त्यांनी जन्मात मिशेरीला हात लावला नव्हता.

आवाजाच्या जागी नुसती खरखर उरली होती. दुपारपर्यंत तीही दमायची. फोनवर गॅसवाला दोनदा हॅलो म्हणून ठेवून द्यायचा. बोर्लीहून एस्टीनं येताना त्यांचं "थांबवा" कंडक्टरला ऐकू जायचं नाही, मग पुढच्या फाट्यावरून चालत यायचं. दुकानदार त्यांना सोडून सोबतच्या सुनेला विचारायचा, काय देऊ? "मी मेले न्हाय रं, हळू बोलतेय," त्या म्हणायच्या, तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा.

तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, आवाज समाधानकारक. इंदूताईंनी तो कागद माझ्यापुढे धरला. "समाधान कोनाचं झालं, तेवढं वाचून दाखवा." आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. जीव वाचवलात, उपकार झाले. पण वाचलेलं माणूस दिवस कसा काढतं, हे विचारायला कागदावर एक रकाना नको?

पुढच्या ग्रामसभेला त्या उभ्या राहिल्या. पंखे जरा बंद करा, असं मी म्हटलं. "उकडतंय हो, गुरुजी," सरपंच म्हणाले. इंदूताईंचे ओठ हलत राहिले आणि मागे गप्पा सुरू झाल्या. सरपंच गोड हसले. "ताई, मोठ्या दुखण्यातून उठलाय. आराम करा आता." मला राहवलं नाही. मी उठलो आणि त्यांच्या वतीनं बोललो, "शक्य झाल्यास अंगणवाडीच्या छपराचा विचार व्हावा, ही विनंती." "करू की विचार," सरपंच म्हणाले. ग्रामसेवकानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

बाहेर येताच इंदूताईंनी मला गाठलं. "इनंती कुनी केली?"

"अहो ताई, मी तुमच्यासाठीच..."

"मी तारीख इचारत व्हते. तुमी माज्या नावानं हात जोडलेत." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "डागतरानं गाठ तेवढी काढली. परश्न तुमी काढून टाकलात."

सरपंचांना शिव्या घालत घरी आलो खरा, पण त्यांचं काम मीच सोपं केलं होतं.

त्यानंतरच्या सभेत इंदूताईंनी आपली खुर्ची उचलली आणि ती थेट ग्रामसेवकाला खेटून ठेवली. नोंदवही त्याच्यापुढे सरकवली, बोट ओळीवर ठेवलं आणि त्याच्या कानाशी बोलू लागल्या. एक शब्द. तो लिहून होईपर्यंत दुसरा नाही. सरपंच दोनदा खाकरले. इंदूताई हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी बोटानं वही ठोकली. वाच.

ग्रामसेवक उभा राहून वाचू लागला. "पोरांच्या डोक्यावर छप्पर कधी घालताय? तारीख सांगा. सांगत नसाल तर का सांगत नाही, तेही ह्याच वहीत लिहा."

मागच्या गप्पा थांबल्या. ग्रामसेवकानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, खाली 'ही विनंती' असं घालू का?"

"मला काय विचारता?" मी ओरडलोच. "त्या तुमच्या शेजारी बसल्यात. त्यांना विचारा."