ओपलच्या केबिनचं दार

ओपल स्टकी दारू पिते असं मिल क्रॉसिंगमध्ये कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्याचंच तोंड हुंगून पाहिलं असतं.

मोबील बंदरापासून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावरचं हे गाव. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या त्या भागात दारूचं दुकान नाही आणि असावं असं उघडपणे म्हणणारा माणूसही नाही. गावात दारू वर्ज्य मानणाऱ्या बाप्टिस्ट पंथाची दोन चर्चं, कारण एक होतं त्यात भांडण झालं. पण दोन्हीकडच्या बायका केस सेट करायला मात्र ओपलकडेच यायच्या. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. खुर्चीत बसून डोकं मागे बेसिनमध्ये टेकवलं, की बाईची जीभ आपोआप सैल होते. ओपलने तिथे काय काय ऐकलं असेल त्याला सुमार नाही. ऐकायची, "हं, हं" म्हणायची आणि केसांतल्या फेसाबरोबर सगळं सोडून द्यायची. सत्तरी गाठली तरी तिच्या तोंडून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट बाहेर पडली नव्हती.

त्या वर्षी ओपलच्या चर्चच्या ज्येष्ठ मंडळींनी जहाजाची सफर ठरवली. मोबीलहून निघायचं, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जायचं, वाटेत भजनं म्हणायची आणि परत यायचं. चर्चचे पाळक ब्रदर ड्वाइट यांनी प्रार्थनेनंतर जहाजाचे नियम वाचून दाखवले. माणशी वाइनची एक सीलबंद बाटली चालेल, बाकी कुठलीही दारू सामानातून आणायची नाही, सगळं सामान यंत्रातून तपासलं जाईल, आणि संशय आला तर अधिकारी तुमची खोलीही उघडतील.

"हे काही आपल्यासाठी नाही," ते हसून म्हणाले आणि पान उलटलं. मंडळीही हसली.

ओपलची केबिनमधली जोडीदारीण विनेल हॅटन. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, वयाने ओपलपेक्षा थोडी मोठी, अंगाने काडी, आणि स्वभावाने एवढी भित्री की विषारी भूछत्राच्या फोटोलाही हात लावणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती ओपलकडे सामान भरायला मदत करायला आली. मदतीची गरज होतीही. जेवणाच्या खास संध्याकाळी सगळ्या बायकांचे केस ओपलच करून देणार होती, त्यामुळे तिच्या बॅगेत कपडे कमी आणि बाटल्याच जास्त होत्या.

जहाज सुटलं, सगळ्यांच्या बॅगा दारांशी येऊन पडल्या, ओपलची आली नाही. तेवढ्यात केबिन सांभाळणारा पोरगेला माणूस, बालीचा कोमांग, अदबीने चिठ्ठी घेऊन आला. बॅग सुरक्षा विभागात आहे, मॅडमने खाली येऊन घेऊन जावी.

"केस कुरळे करायची सळई असणार," ओपल म्हणाली. "इस्त्र्यांना बंदी आहे ना, तीही इस्त्रीच वाटली असेल त्यांना. मी आले समजावून."

विनेल पलंगाच्या कडेला बसली होती. तिचा चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा पांढरा पडला होता.

"जायलाच पाहिजे का गं?" ती म्हणाली. "बॅगेवाचून नाही का चालणार?"

"अगं, माझे सगळे आतले कपडे आहेत त्यात!"

खाली रांग होती. रांगेतले लोक एकमेकांना टाळ्या देत होते. कुणाच्या बॅगेत माउथवॉशच्या बाटलीत जिन सापडली होती, कुणी पावाच्या आत पिशवी दडवली होती. ओपल पर्स छातीशी धरून अंग चोरून उभी राहिली. तिच्या मागे येऊन उभी राहिली नेल्डा टार्व्हर, त्यांच्याच चर्चची. तिची कपड्यांची इस्त्री अडकली होती. नेल्डाच्या कानावर पडलेली गोष्ट कॉफी गार व्हायच्या आत गावभर झालेली असायची.

टेबलामागे गुरुंग नावाचे अधिकारी बसले होते. मूळचे नेपाळचे, बुटके, शांत चेहऱ्याचे.

"मॅडम, या बाटल्या?"

"शाम्पू आहे तो. हे सेटिंग लोशन. आणि हा जांभळा कंडिशनर, पांढऱ्या केसांना पिवळी झाक येऊ नये म्हणून. हुंगून बघा ना!"

त्यांनी एकेक झाकण उघडून हुंगलं आणि मान हलवली. शेवटी जांभळी बाटली उघडली. ती मात्र त्यांनी ओपलपुढे धरली.

ओपलला हुंगायचीही गरज पडली नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता. तिच्या लहानपणी शनिवारी वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला यायचा. बर्बन व्हिस्की. आणि बाटलीला हात कुणाचा लागला असेल हेही तिला त्याच घटकेला कळलं.

"हे तुमचंच आहे ना, मॅडम?" गुरुंगांनी विचारलं. प्रश्नात धाक नव्हता. उलट, "नाही" म्हणायला वाट ठेवलेली होती.

मागे नेल्डाने श्वास रोखून धरल्याचं ओपलला मानेवर जाणवलं. "नाही" म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग कुणाचं? केबिनमध्ये दुसरं होतं कोण?

"माझंच," ओपल म्हणाली.

गुरुंगांनी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली, सही घेतली आणि बॅग हातात दिली. "एक सांगू का, मॅडम? हवं असेल तेव्हा केबिनमधून फोन करा. पेय दारात आणून देतात. दार लावून घ्यायचं. उगाच कुणी आत डोकावत नाही."

"मला लागत नाही," असं ओपलच्या ओठांवर आलं होतं, पण आताच काय कबूल केलंय ते आठवून ती बॅग घेऊन निघाली.

वर आल्यावर मात्र तिने दार लावलं आणि बॅग धाडकन आपटली.

"विनेल हॅटन!"

"मारू नकोस गं," विनेल उशीमागून म्हणाली.

"माझ्याच बाटलीत का?"

"तुझ्याकडे इतक्या होत्या. आणि तुझ्यावर कोण संशय घेणार?"

"आणि माझा कंडिशनर?"

"तुझ्याच मोरीत ओतला."

"ओतला? अख्खी नवी बाटली?" ओपलला व्हिस्कीपेक्षा त्याचाच संताप जास्त आला. "आता नेल्डाच्या केसांची पिवळी झाक मी काय थुंकी लावून काढू?"

विनेलला हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. मग तिने सगळं सांगितलं. नवरा गेल्यापासून संध्याकाळी कॉफीत चमचाभर घालायची. शेजारच्या जिल्ह्यात राहणारा भाचा आणून द्यायचा. तेवढीच झोप लागायची. या सफरीत तिला आणखी एक इच्छा होती, अननसाचं ते फेसाळ, वर छोटी कागदी छत्री खोचलेलं पेय एकदा चाखून बघायचं. पण बारमध्ये बसायचं तर आजूबाजूला सगळं चर्च.

"तिकडे आपले कारभारी हार्लन, इकडे नेल्डा. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईने छत्री घेऊन बसायचं कुठे?" ती नाक पुसत म्हणाली. "मी उद्याच सगळ्यांना सांगते, माझं होतं म्हणून."

"मुळीच नाही. मी एकदा माझं म्हटलं ना? आता मला खोटं पाडू नकोस."

रात्रीच्या जेवणाला ओपल टेबलाशी आली तशी कुजबूज थांबली आणि सगळ्यांना अचानक बटाटे फार आवडायला लागले. नेल्डाने आपलं काम चोख केलं होतं. मघाशी केस करून घ्यायला नाव दिलेल्या दोघींना एकाएकी डोकं दुखायला लागलं. ओपलने शांतपणे दोन वेळा मासे वाढून घेतले. पण इतक्या वर्षांचं नाव एका बेसिनमध्ये वाहून गेलं असं तिला वाटत होतं, आणि समोर विनेल पाव कुस्करत बसली होती, तिच्याकडे बघून रागही धड येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनवर टकटक झाली. दारात ब्रदर ड्वाइट आणि चर्चचे कारभारी हार्लन टूल.

"मिस ओपल," ब्रदर ड्वाइट घसा साफ करत म्हणाले, "आम्ही प्रेमानेच आलोय. लोक बोलताहेत. म्हटलं, तुमच्यासोबत प्रार्थना करावी. आणि तुमची हरकत नसेल, तर आत जरा नजर टाकावी. तुमच्याच भल्यासाठी. म्हणजे आम्हाला सगळ्यांना छातीठोक सांगता येईल, की आता तिथे काही नाही."

"नजर? कुठे टाकणार?"

"तो छोटा फ्रिज असतो ना. कपाट वगैरे."

ओपल दारात उभी राहिली. तशी ती ठेंगणीच, पण दारही अरुंद होतं.

"प्रार्थना करा की. इथेच, बाहेर, बोळात. मी डोळे मिटते."

"मिस ओपल, जहाजवाल्यांनी तुमची बॅग उघडली तेव्हा तर तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"त्यांना तिकीट घेताना मी सही करून दिलीय, ब्रदर ड्वाइट. तुम्हाला दिलेली नाही."

आता हार्लन टूल पुढे सरसावले. गावात ते ताठ मानेचे आणि काळ्याभोर केसांचे म्हणून प्रसिद्ध होते. "लपवण्यासारखं काही नसेल, तर माणसाने दार अडवायचं कशाला?"

ओपलने त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर हळूच वर, त्यांच्या भांगाकडे नेली आणि तिथेच ठेवली. दर महिन्याला पार्लर बंद झाल्यावर मागच्या दाराने कोण येतं आणि अर्धा तास डोक्याला काळं फासून वर्तमानपत्रामागे कोण बसतं, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

"लपवण्यासारखं प्रत्येकाकडे असतं, मिस्टर टूल," ती मऊ आवाजात म्हणाली. "मी म्हणते, असावं. माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर काय आहे ते मी कधी बोळात उभं राहून बोलले आहे का?"

हार्लन टूल यांचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"चला ब्रदर ड्वाइट," ते घाईने म्हणाले. "बाईमाणसाची खोली आहे. असं बरं दिसत नाही."

"अहो, पण तुम्हीच तर म्हणालात..."

"मी म्हणालो असेन. चला."

दार लागलं. विनेल न्हाणीघरातून बाहेर आली. एवढा वेळ ती आत टॉवेल तोंडात कोंबून उभी होती.

ओपल पलंगावर बसली. "माझं आयुष्य गेलं दुसऱ्यांची झाकणं सांभाळण्यात," ती म्हणाली, "आणि माझंच उघडायला निघाले!" मग तिने तडक फोन उचलला आणि मोठ्याने विचारलं, "अहो, ते अननसाचं असतं ना, छत्रीवालं? एक पाठवा. छत्री विसरू नका."

कोमांगने ट्रे आणून ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला. त्यांची केबिन आतल्या बाजूची, खिडकी नव्हती. पण टीव्हीवर एक वाहिनी होती, तिच्यावर जहाजाच्या टोकावरून दिसणारा समुद्र दिवसभर दाखवत. विनेलने ती लावली, खुर्ची समोर ओढली आणि नळीने पहिला घोट घेतला.

"कसं आहे?"

"बाई गं. सरबतच आहे हे तर."

"मग एवढ्यासाठी माझा कंडिशनर गेला?"

दोघी इतक्या हसल्या की ओपलला आपल्या गार चहाचा ठसका लागला. हसू ओसरल्यावर विनेल म्हणाली, "तुझ्या वडिलांचं पिणं ठाऊक असून तुझ्याच बॅगेत ठेवलं मी. हे करायला नको होतं."

"नकोच होतं," ओपल म्हणाली. तिने आवाजात गोडवा आणला नाही. थोड्या वेळाने छत्री उचलली आणि विनेलच्या केसात खोचली.

सकाळी समूहप्रार्थनेला जायला ओपल सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. त्या बोळातल्या सगळ्या केबिन त्यांच्याच चर्चच्या. बघते तो काय, दारोदार ट्रे! एका दाराशी छत्रीचा पेला, पुढच्या दाराशी दोन. नेल्डाच्या दाराशी वाइनचा पेला, काठाला तिचीच गुलाबी लिपस्टिक. बायको आजारी म्हणून एकट्याने आलेल्या ब्रदर ड्वाइट यांच्या दाराशी दारूचा थेंब नव्हता, पण चीजकेकच्या तीन बशा चाटूनपुसून ठेवल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार होता आणि घरी गोडाला सक्त मनाई होती.

ओपलने मागेपुढे पाहिलं. वाकून पेले गोळा केले, बशा गोळा केल्या आणि सगळं कोमांगच्या ढकलगाडीवर नेऊन ठेवलं.

"मॅडम, हे काम माझं आहे," कोमांग घाबरून म्हणाला.

"हो ना? मग आमच्या प्रार्थनेच्या आधी करत जा, बाळा. आमच्यातले काही लोक लवकर उठतात आणि बघत बघत जातात."

कोमांगला किती कळलं कोण जाणे. पण पुढच्या सकाळपासून बोळ लख्ख असायचा.

गावी परतल्यावर ओपलचं पार्लर काही आठवडे ओस पडलं. बायका जवळच्या इव्हर्ग्रीन गावाला जाऊन केस करून आल्या आणि तिथे कसे जाळले ते एकमेकींना दाखवत बसल्या. मग एका रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे जो तो उभा राहून आपला अनुभव सांगतो तेव्हा, विनेल ऑर्गनवरून उठली. ती बाटली माझी होती, ओपलने माझ्यासाठी आळ अंगावर घेतला, आणि सफरीत मी एक अननसाचं पेय प्यायले, आवडलं, असं सगळं तिने भरल्या चर्चमध्ये सांगून टाकलं आणि धपकन खाली बसली. बसताना तिचा कोपर ऑर्गनवर पडला आणि भला मोठा भोंगा वाजला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं, आणि हसणं रांगेरांगेतून पुढे येत ब्रदर ड्वाइट यांच्यापर्यंत पोचलं. त्यांनी सगळ्यांसमोर ओपलची माफी मागितली. ओपल मात्र दोन दिवस विनेलशी बोलली नाही. "मला खोटं पाडू नकोस म्हटलं होतं ना!" एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी नेल्डा केस सेट करायला आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. त्या गर्दीत राग धरून बसायला ओपलला सवड झाली नाही.

पुढच्या वर्षी त्या दोघीच गेल्या, चर्चवाचून. विनेलने डेकवर भर उन्हात बसून छत्रीचा पेला मागवला, अर्धा प्यायली आणि तोंड उघडं टाकून झोपी गेली. तिच्या नाकाचं साल निघू नये म्हणून ओपल आपली मोठी टोपी तिच्या तोंडावर धरून तासभर बसून राहिली, आणि हात अवघडला म्हणून तासभर कुरकुरत राहिली.