आटे दिसेपर्यंतचा उजेड

मेहबूबचाचा नवी सेलची बत्ती घेताना खोक्यावरचं काही वाचत नसत. उचगावातल्या आमच्या दुकानामागच्या काळोख्या खोलीत ते बत्ती पेटवून फळीवर ठेवत, तिच्यासमोर हातभर अंतरावर एक बोल्ट धरत आणि त्याचे आटे न्याहाळत बसत. "आटे दिसायचे बंद झाले की माझ्यासाठी ती मेली," ते म्हणत. "पुढं चार दिवस मिणमिणू दे की. मला काय तिच्या उजेडात झोपायचंय?"

चाचा आमच्या दुकानासाठी विहिरींत उतरून पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत. बोटाएवढी बत्ती दातांत धरून, दोन्ही हातांनी पाना फिरवत. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते. गिऱ्हाईक आलं की आत पळायचे. "मॅडम बोलत न्हाय, पण बघतीया ब्येस," असं पप्पांना सांगून त्यांनी बत्त्या तपासायचं काम मला दिलं.

एकदा दोन तऱ्हेच्या बत्त्या आल्या. काळीचा उजेड बेताचा, पण चार तास आटे स्वच्छ दिसले. चंदेरी पेटवली तर खोली पांढरीफटक झाली. तिच्यासमोर बसल्या बसल्या मला झोप लागली. जागी झाले तेव्हा चार तास उलटले होते आणि ती पेटलेलीच होती. मी बोल्ट धरून पाहिलाच नाही.

"हिचं किती, मॅडम?"

"चार तास." झोपले होते हे सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नवे सेल घालून ती बत्ती घेऊन ते गारगोटीजवळच्या एका मळ्यात गेले. विहीर खोल, वर स्लॅब टाकलेली, आतल्या लोखंडी पायऱ्यांपैकी दोन तुटलेल्या. दहाला उतरणार, असं सांगून गेले होते. मला चैन पडेना. दहालाच तसलीच दुसरी चंदेरी बत्ती लावून मी बोल्ट धरला. सव्वा तासात आटे दिसेनासे झाले.

चाचांचा फोन वाजत राहिला. पप्पा बाहेर गेलेले. मोटर आमच्याकडूनच नेलेली, म्हणून मळेवाल्याचा नंबर पावतीवर सापडला. अनोळखी माणसाला मी कधी फोन केला नव्हता. तरी लावला.

"हॅलो? कोण बोलतंय? बोला की!"

"चाचांना... वर घ्या."

"काम चाललंय न्हवं त्यांचं. पाइप सोडवाय लागल्यात."

"उजेड आहे का आत?"

"हाय की. जरा बारीक झालाय."

"वर घ्या! आत्ताच्या आत्ता!" मी किंचाळले.

त्याने विहिरीत हाक मारली. मी फोन कानाशी दाबून धरला. एकदा लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. शेवटी धाप ऐकू आली.

"काय झालं गं, पोरी?"

"मी झोपले होते, चाचा. चार तास आटे बघितलेच नाहीत."

ते म्हणाले, "तुटक्या पायऱ्या पायानं चाचपत आलो बघ. बरं. जेवून घे."

पप्पांना त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. माझ्याशी बोलणंही तसंच राहिलं, थट्टेचं. फक्त पुढची बत्ती आली तेव्हा बोल्ट घेऊन ते स्वतः आत बसले. गुडघे दुखत होते, तरी चार तास बसले. "मी बघू का, चाचा?" मी दारातून विचारलं.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते मायेने म्हणाले, आणि नजर आट्यांवरून हलवली नाही. विहिरीत उतरणं सोडेपर्यंत त्यांनी दर वेळी मला हेच उत्तर दिलं.