काकाजींनी मागितलेली नक्कल

उडत्या तबकड्यांच्या मागे लागलेला माणूस अशी ज्यांची पंचक्रोशीत ख्याती होती, त्या काकाजींना मी एकदाही आभाळाकडे बघताना पाहिले नाही. चालताना त्यांची नजर रस्त्याच्या कडेच्या गवतावर असे, आणि टिपूर चांदणे पडले तरी ते घरापुढच्या छपरीत दिवा लावून, कागदांवर मान वाकवून बसत. मी एकदा तसे बोलून दाखवले, तेव्हा चष्मा पुसत ते शांतपणे म्हणाले, "वरचं वरच राहते, मॅडम. आपलं काम कपाटातलं आहे."

एकोडीच्या शाळेत मराठी शिकवायला मी आले, तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झालेले होते. नोकरीची बरीच वर्षे लाखांदूरकडे गेलेली. लग्न केलेले नव्हते. धाकटा भाऊ मनोहर आणि त्याची बायको शेवंता यांच्यासोबत ते राहत. त्या छपरीला एक वास होता. उकडलेल्या धानाचा, जुन्या कागदाचा, आणि या दोहोंमध्ये कुठेतरी ताज्या भाताचा. कारण अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प ते डिंकाने नव्हे, जेवणातली चार शिते चिरडून चिकटवत. डिंक सुटतो, शीत सुटत नाही, असे त्यांचे मत होते.

अर्ज एकाच गोष्टीसाठी होते. जिल्ह्याची वाटणी होण्यापूर्वीच्या एका हिवाळ्यात, दिवेलागणीच्या सुमारास, धानाच्या बांधीतले पाणी पाहायला गेलेल्या मनोहरला बोडीवर, शेताकडेच्या लहानशा तळ्यावर, काहीतरी उजळलेले दिसले होते. तो धावत घरी आला नाही. सरळ ठाण्यात गेला आणि जबाब देऊन, सही करून आला. दुसऱ्या दिवशी एक जीप आली. तिच्यातली माणसे बोडीच्या पाळीवर उभी राहिली, मातीला हात लावून गेली, आणि पुन्हा कधी आली नाहीत. मग गाव हसू लागले. मनोहर दारू प्याला होता, मनोहरला भास झाला, मनोहरच्या तबकडीत बसून पोरे शाळेला जाणार आहेत. वर्षभरात त्याचे बोलणे आटले. नागपूरला नेऊन डोक्याचे उपचार झाले. तिथल्या डॉक्टरांनी बजावले की घरात तो विषय काढायचा नाही. काकाजी सरकारी नोकर. सूचना त्यांनी आदेशासारखी पाळली. मात्र माहितीचा अधिकार आला त्या वर्षी त्यांनी पहिला अर्ज टाकला. त्यांना त्या जबाबाची प्रमाणित नक्कल हवी होती. शहाणासुरता मनोहर ठाण्यात गेला होता, आणि त्याचे म्हणणे कोणीतरी गंभीरपणे लिहून घेतले होते, एवढेच त्यांना गावासमोर, आणि त्याहून अधिक मनोहरसमोर, ठेवायचे होते.

या वाटेवर त्यांना सोबती भेटले. दूरदूरच्या शहरांत चार-पाच जण असेच अर्ज करत होते. एकमेकांना कधी न पाहिलेली ही माणसे आपापल्याला आलेले सरकारी नकार टपालाने एकमेकांना पाठवत. बाकीचे सारे मोठ्या मंत्रालयांना विचारत आणि अशी कोणतीही नोंद ठेवली जात नाही, हे उत्तर मिळवत. काकाजी मात्र खालून सुरुवात करत. "दिल्लीले सरहद्द दिसते," ते म्हणत. "आपल्या बोडीवरचं आभाळ दिसलंच असन, तर ते ठाण्यातल्या मुन्शीले."

त्यांची दुसरी शिकवण मला अजून उपयोगी पडते. सरकारला उजेड दिसत नाही, नुकसान दिसते, असे ते सांगत. म्हणून अर्जात ते 'तबकडी' हा शब्द कधी लिहीत नसत. त्या आठवड्यात कुठे धानाचे तणस जळाले का, कुणाचे ढोर दगावले का, संशयित विमानाची वर्दी आली का, असे एकेक दार ते ठोठावत. माझ्याकडून भाषा तपासून घेत. कवितेवर पोसलेला माझा हात 'तेजोगोल' लिहून जाई. ते हलकेच खोडत आणि वर 'घटना' लिहीत.

कार्यालयांत त्यांची थट्टा ठरलेली. एका कारकुनाने भर गर्दीत विचारले, "काय काकाजी, उतरली का तबकडी?" काकाजींनी पिशवीतून अर्ज काढत सांगितले, "उतरली असन तर तुमच्याच कपाटात असन. पाहा जरा, काहून का आवक क्रमांक तुमचाच आहे." सगळे हसले, कारकूनही हसला. कपाट उघडले नाही.

जिल्हा फुटला तेव्हा दप्तरेही वाटली गेली होती. भावाभावांच्या वाटणीत जाते एकाकडे आणि खुंटा दुसऱ्याकडे जावा, तशी. इकडचे कार्यालय म्हणे, तो गठ्ठा तिकडे गेला. तिकडचे म्हणे, आम्ही तेव्हा जन्मलोच नव्हतो. एसटीच्या खिडकीशी बसून काकाजी या दोन जिल्ह्यांच्या मधल्या धुळीत वर्षानुवर्षे ये-जा करत राहिले. परतले की त्यांच्या सदऱ्याला डिझेलचा आणि उन्हाचा वास येई. मनोहर त्यांना पाण्याचा तांब्या आणून देई आणि काही न विचारता आत जाई.

त्यांचे नाव ऐकून खेड्यापाड्यांतून माणसे येऊ लागली. आंबागडच्या पायथ्याची एक बाई आली होती. लाकडे आणायला गेली असता डोंगरावर तिने काहीतरी पाहिले होते आणि सासरी तिला कोणी घरात धड बोलू देत नव्हते. काकाजींनी तिला चहा दिला. काय दिसले, असे विचारलेच नाही. विचारले, तेव्हा कोणता आवाज बंद झाला?

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पाखरं बंद झाली जी. सारीच्या सारी."

"डोळ्याले आपण शिकवून ठेवलं असते," नंतर ते मला म्हणाले. "कानाले कोणी शिकवत नाही. म्हणून आधी कान इचाराव." त्या संथ, मायाळू प्रश्नांनी बाईचा चेहरा उकलत गेलेला मी पाहिला. पलीकडे खांबाला टेकून मनोहर दोर वळत बसला होता. बाई बोलत असताना त्याचे हात थांबले होते.

मग मनोहरला श्वासाचे दुखणे जडले. खाटेवरून उठणे सरले, आवाज फुंकरीएवढा उरला. एके सकाळी शेवंता माझ्या दाराशी आली. पदराला हात पुसत, खाली बघत म्हणाली, "मॅडम, एक कागद लिवून द्या ना जी. सरकारनं लिवल्यासारखा. यायले वाचून दाखवू. जाता जाता तरी जिवाले थंडक पडन."

मला नाही म्हणता येईना. 'सदर इसमाने स्वेच्छेने दिलेला जबाब...' अशी वाक्ये मनात जुळूही लागली होती. तेवढ्यात तिच्या मागे काकाजी येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. "नको, शेवंता," ते म्हणाले. "गावानं त्याले खोटा म्हटलं, तवा त्याच्याजवळ खरं होतं. आता मी त्याले खोटं देऊ?"

शेवटच्या अपिलाचे उत्तर धान कापणीच्या दिवसांत आले. सदर अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही. काकाजींनी ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि खाटेशी स्टूल ओढून बसले. मनोहरसाठी पेज घेऊन मी दारात उभी होते. वाटीची ऊब तळव्यांना लागत होती. बाहेर नव्या तणसाचा गोडूस वास पसरला होता.

"मनोहर," ते म्हणाले, "कागद नाही भेटला रे. त्यायच्याजवळ नाही म्हणतेत."

"कोणता कागद?"

"तू ठाण्यात जबाब दिला होता, तो."

मनोहर त्यांच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. नुसते नवल होते. "मी तं इथंच होतो, दादा," तो म्हणाला. "तू मले कवा इचारलंच नाही."

परक्यांना इतक्या हळुवारपणे बोलते करणारे काकाजी. त्यांना एक प्रश्न सुचेना. कान आठवले नाहीत, पाखरे आठवली नाहीत. मोठ्या कष्टाने ते एवढेच म्हणाले, "मंग सांग ना आता."

मनोहरने डोळे मिटले. अंधाऱ्या खोलीत हाताने चाचपडावे तसे काहीतरी त्याच्या पापण्यांखाली हलत होते. पेजेवर साय धरली. अखेर त्याने मान हलवली. "नाही येत याद. कसा होता उजेड... लई वर्सं झाली." थांबून, श्वास गोळा करून तो म्हणाला, "तुले हाक मारली होती, तेवढी याद आहे. वाटलं, दादानं पाह्यलं पायजे. तू लाखांदूरले होतास."

धान घरात यायच्या आधी तो गेला. काकाजींनी त्यानंतर अर्ज केला नाही. सोबत्यांची पाकिटे येत राहिली. ती न फोडता ते एकावर एक ठेवत. कोणी काही पाहिल्याचे सांगत आले, तर आधी विचारत, "घरच्यानं ऐकून घेतलं का?" नाही म्हटले, तर चहा पाजत आणि त्या माणसासोबत त्याच्या घरापर्यंत जात.

पुढे माझी बदली झाली. सामान घेऊन मी फाट्यावर उभी होते. काकाजी काठी टेकत पोचवायला आले होते. ती आमची शेवटची भेट. बस दूरवर दिसू लागली, तेव्हा इतकी वर्षे ओठांवर अडलेले मी विचारून टाकले. खरोखर काही होते का हो, काकाजी, बोडीवर?

ते धुळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काही नसतं, तं त्यानं मले हाक काहून मारली असती, मॅडम?"